बाजूचा ब्रेक

१० जानेवारी २०२४, बुधवार

कोर्टाचं समन्स आलं. बेलीफ आला तेव्हा सुनंदा ओटीवर वालाच्या शेंगा सोलत बसली होती. आत्माराम चुरी कोण, असं त्याने विचारलं. मी पुढे होऊन सही केली. मग त्याने दुसरा कागद काढला, तो सुनंदाच्या नावाचा. तिने पदराला हात पुसून सही केली. तिसरा फर्मच्या नावाचा होता, त्यावर फर्मतर्फे पुन्हा माझीच सही. तो गेल्यावर सुनंदाने विचारलं, "कोणी पाठवलंय?" मी म्हटलं, कॉन्रॅडने, फर्म मोडून हवी आहे त्याला. ती परत शेंगा सोलायला लागली.

वकील कौस्तुभ म्हणाला, काका, आठवेल ते सगळं तारीखवार एका वहीत लिहून ठेवा, पुढे उपयोगी पडेल. म्हणून ही वही. हा कौस्तुभ आमच्याकडेच गाडी शिकलेला, तोही कॉन्रॅडच्या हाताखाली. मी त्याला तसं म्हटलं तर तो म्हणाला, त्याने काही बिघडत नाही.

१२ जानेवारी

तर लिहितो. मी आणि कॉन्रॅड तुस्कानो एकाच कारखान्याच्या बस चालवायचो. मी सांडोरचा, तो भुईगावचा. कारखाना बंद पडला तेव्हा हाती आलेल्या पैशातून २००१ साली एक जुनी मारुती घेतली. तिला शिकवणाऱ्याच्या बाजूला दुसरा ब्रेक आणि क्लच बसवून घेतला आणि शाळा काढली. चुरी-तुस्कानो मोटार ट्रेनिंग स्कूल. कोणीतरी सांगितलं की भागीदार तीन असले की बरं, म्हणून कागदापुरतं सुनंदाचं नाव घातलं. परवाना, आरटीओची कामं, हिशेब हे माझ्याकडे. शिकवण्यात कॉन्रॅडचा हात धरणारा कोणी नव्हता. घाबरणारं माणूस असलं की लोक त्यालाच मागायचे. कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर लोक, शाळेतल्या बाई, पन्नाशीतल्या बायका. तो कधी आवाज चढवायचा नाही. मी चढवायचो.

गेल्या फेब्रुवारीत तो यायचा बंद झाला. जूनमध्ये त्याने नालासोपाऱ्यात स्वतःची शाळा काढली. मला त्याने सांगितलं नाही, बोर्ड लागल्यावर कळलं.

का गेला ते मला अजून कळलेलं नाही. मुलगा कतारला चांगला कमावतो. हाव असेल असं म्हणावं, तर त्याला कधी हाव नव्हती.

६ फेब्रुवारी

आज आमचाही दावा दाखल झाला. फर्म विरुद्ध कॉन्रॅड. फर्मचा भागीदार असताना त्याला वेगळी शाळा चालवता येत नाही, ती थांबवावी, असा. मी कौस्तुभला विचारलं, फर्मच्या नावात तुस्कानो आहे, म्हणजे तुस्कानोच तुस्कानोवर दावा लावतोय का? तो हसला. म्हणाला, कायद्याने फर्म म्हणजे सगळे भागीदार मिळूनच, पण बहुमत तुमच्याकडे आहे. तुम्ही आणि काकी, तिघांत दोघं.

घरी येऊन सुनंदाला सह्या करायला दिल्या. कुठे करायच्या एवढंच तिने विचारलं.

४ मार्च

पहिली तारीख. कॉन्रॅड आधीच येऊन बाकावर बसला होता. दुसरा बाक भरलेला, मी त्याच्याच बाकावर टोकाला बसलो. मध्ये कोणा बाईची पिशवी. तो वाळला आहे. हातातली छत्री उगाच उघडझाप करत होता, मार्चमध्ये छत्री कशाला ते कळलं नाही. दोन्ही दावे एकत्र चालवायचं ठरलं. आमचं दोघांचं बोलणं झालं नाही. निघताना त्याने पिशवीवाल्या बाईला सांगितलं, सांभाळून, पायरी मोडकी आहे. पाठोपाठ मी होतो, मलाही ऐकू आलं.

२ एप्रिल

तारीख. समोरच्या वकिलांनी मुदत मागितली.

२१ एप्रिल, रविवार

कौस्तुभला अपघाताची हकीकत हवी आहे. कॉन्रॅडच्या दाव्यात तिचा उल्लेख आहे.

१६ मे २०२२, सोमवार, सकाळी सातची बॅच. गाडीत भाविका नावाची चोवीस वर्षांची मुलगी, तिचा नववा दिवस. शेजारी कॉन्रॅड. भुईगावच्या गल्लीत वळणावर समोरून सायकल आली. मुलगी गोंधळली, ब्रेकऐवजी तिचा पाय ॲक्सिलरेटरवर पडला. गाडी सायकलवाल्याला घासून वाडीच्या कुंपणाच्या भिंतीवर गेली. सायकलवाला शत्रुघ्न, केळीच्या वाडीवर कामाला. त्याचा पाय मोडला. कॉन्रॅडच्या कपाळाला खोक पडली. मुलीला काही लागलं नाही. दवाखान्याचं सगळं फर्मने केलं, शत्रुघ्नने तक्रार केली नाही. पण कोणीतरी आरटीओत अर्ज टाकला आणि आमच्याकडून खुलासा मागवला गेला. परवाना जायची पाळी आली होती. मे महिना, सुट्टीची गर्दी, तीन गाड्या, चार माणसांचे पगार. मी खुलासा दिला आणि परवाना वाचला. खुलाशाप्रमाणे कॉन्रॅडला सहा महिने शिकवण्यापासून दूर ठेवायचं होतं. तो ऑफिसात बसला, फोन घ्यायचा, अर्ज भरायचा. हिस्सा पूर्ण मिळत होता, मी एक रुपया कापला नाही.

लिहिताना वाटलं, सहा महिने सावलीत बसून पूर्ण हिस्सा, कोणाला मिळतं असं?

२३ मे

दोन शिकवणारे सोडून गेले. एक कॉन्रॅडकडेच गेला असं म्हणतात. सकाळच्या दोन बॅच मीच घेतो. गुडघे धरतात. आज शाळेतल्या एक सिस्टर आल्या होत्या. त्यांचा तिसरा दिवस. त्यांनी विचारलं, ते तुस्कानो सर कुठे असतात? मी म्हटलं, त्यांनी वेगळं काढलं. त्या म्हणाल्या, अपघातात त्यांची चूक होती असं आमच्याकडे सगळे म्हणायचे, खरं का? मी त्यांना आरशात बघा म्हणून सांगितलं, मागून टेम्पो येत होता.

१८ जून

कौस्तुभने कॉन्रॅडच्या दाव्यातला नववा परिच्छेद मला मोठ्याने वाचून दाखवला. आरटीओला दिलेला खुलासा आपल्याला न दाखवता दिला. त्यात आपल्या कामाबद्दल लिहिलेलं आपल्याला तिथल्या टेबलावर एका परक्या माणसाकडून कळलं. म्हणून या भागीदारीत राहण्यात अर्थ नाही.

मी म्हटलं, ते कागदापुरतं होतं. सरकारला काहीतरी लिहून द्यावंच लागतं. त्याला समजायला हवं होतं. कौस्तुभने खुलाशाची प्रत मागितली. मी म्हटलं, शोधतो.

प्रत कपाटातच आहे. शोधावी लागणार नाही.

११ ऑगस्ट, रविवार

शत्रुघ्न साक्षीला येईल का ते बघायला भुईगावला गेलो. तो वाडीत घड कापत होता. पाय जरा ओढतो, पण काम करतो. मला बघून त्याने कोयता खाली ठेवला आणि खोपटातून माझ्यासाठी खुर्ची आणली. म्हणाला, तुस्कानो साहेब दर रविवारी चर्चमधल्या मिसाहून परत जाताना येतात. कधी अंडी आणतात, कधी नुसतेच बसतात. दोन वर्षांत एक रविवार चुकला नाही, आजही येऊन गेले. मला हे माहीत नव्हतं. मी एकदाच गेलो होतो, दवाखान्यात.

साक्षीचं काढलं तर तो म्हणाला, मी काय सांगणार, एका मिनिटाचा खेळ. पण मी समोर होतो ना, मला काचेतून दिसत होतं. साहेब बसल्या जागेवरून अर्धे उठले होते, दोन्ही पाय खाली रेटत होते. तोंड असं. त्याने तोंड करून दाखवलं.

साक्षीदार आपल्या उपयोगाचा नाही, असं कौस्तुभला कळवलं.

२७ ऑगस्ट

तारीख. पुढची ८ ऑक्टोबर.

ही वही कौस्तुभला द्यायची की नाही याचा विचार करतो आहे. बहुतेक नाही.

८ ऑक्टोबर

त्याची शाळा थांबवायच्या आमच्या मनाईच्या अर्जावर कॉन्रॅडने जे म्हणणं दिलं त्याला उत्तर द्यायचं आहे. कौस्तुभने दोन प्रतिज्ञापत्रं तयार केली, एक माझं, एक सुनंदाचं, मजकूर बहुतेक सारखाच. उद्या सह्या.

९ ऑक्टोबर

सुनंदाने सही केली नाही.

सगळं लिहितो. जेवणं झाल्यावर मी कागद तिच्यापुढे ठेवला आणि बोट ठेवून जागा दाखवली. तिने चष्मा मागितला. मी म्हटलं, चष्मा कशाला, नेहमीचंच आहे. ती उठून स्वतः चष्मा घेऊन आली आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागली. मी टीव्ही लावला. तिने तो बंद करायला सांगितला. चार पानं वाचायला तिला अर्धा तास लागला. मग तिने एका ओळीवर बोट ठेवलं. अपघाताच्या वेळी गाडी सर्व दृष्टीने सुस्थितीत होती, हे मला व्यक्तिशः माहीत आहे.

"हे मला माहीत नाही," ती म्हणाली. "मला दुसरं माहीत आहे."

तिने चष्मा काढून कागदावर ठेवला.

"गॅरेजवरून मयूरचा फोन आला, तो मी घेतला होता. अपघाताच्या आधी, गुरुवारी. तुम्ही टेस्टला पोरं घेऊन गेला होता. तो म्हणाला, काकी, बाजूच्या ब्रेकची केबल तुटायला आलीय, काकांना सांगा गाडी बाहेर काढू नका. तुम्ही आल्याबरोबर मी सांगितलं. तुम्ही चपला काढत होता."

मी म्हटलं, सुट्टीची गर्दी होती, ती ओसरली की करणारच होतो. ती म्हणाली, ते मी विचारत नाही. मी म्हटलं, तुझी सही नसेल तर बहुमत राहत नाही. ती म्हणाली, "मी भागीदार आहे ना? मग एवढ्या वर्षांत आज पहिल्यांदा काम केलं समजा."

कागद तिने नीट सारखे करून माझ्या हातात दिले.

१० ऑक्टोबर

बोलणं नाही. डबा मात्र रोजच्यासारखा भरून दिला.

२१ ऑक्टोबर

कौस्तुभला सांगितलं, सुनंदा सही करायची नाही म्हणते. कारण सांगितलं नाही. तो बराच वेळ पेन फिरवत बसला. मग म्हणाला, काकी आपल्या बाजूने नसतील तर फर्मच्या दाव्यात त्यांनाही प्रतिवादी करावं लागेल. म्हणजे फर्मचा दावा दोन भागीदारांवर, आणि फर्मतर्फे मी एकटा. मी त्याला म्हटलं, सकाळी तिच्या हातचा चहा पिऊन यायचं आणि इथे तिच्यावर दावा लावायचा का? तो म्हणाला, काका, एकमेकांवर दावे लावलेले सख्खे भाऊ इथे एका रिक्षातून येतात.

एवढा थकवा मला बस चालवतानाही आला नव्हता, तेव्हा तर पाळ्या असायच्या.

१६ नोव्हेंबर

मयूरच्या गॅरेजवर गेलो. गाडीखाली होता, सरकून बाहेर आला. मी नुसतं विचारलं, त्या वेळची केबल कुठे आहे? तो म्हणाला, भंगारात गेली काका, केव्हाच. मग इकडेतिकडे बघून हळू म्हणाला, मी कोणाला बोललो नाही, तुम्ही काळजी करू नका. त्याचं लग्न आमच्या ओळखीने जमलं, ऑफिसच्या सगळ्या गाड्या त्याच्याकडे असतात. मला हायसं वाटायला हवं होतं. मी त्याच्या स्टुलावर दहा मिनिटं बसून राहिलो. त्याने चहा मागवला.

भाविकाचे वडील पुढच्याच गल्लीत राहतात. त्यांनी फी परत मागितली होती, ती मी तेव्हाच दिली होती. मुलीने पुन्हा स्टिअरिंगला हात लावला नाही, असं मयूर म्हणाला.

२३ जानेवारी २०२५

दोन्ही दावे मध्यस्थीकडे गेले आहेत. मध्यस्थ म्हणजे एक वयस्कर वकीलबाई. खोलीत एक गोल टेबल. मी, सुनंदा, कॉन्रॅड आणि दोन्ही वकील. सुनंदा माझ्या शेजारची खुर्ची सोडून मधल्या खुर्चीत बसली. कॉन्रॅडने तिला, वहिनी, गुडघे कसे आहेत, असं विचारलं. गुडघे माझे दुखतात, पण ती बरे आहेत म्हणाली.

बाईंनी आरटीओचा खुलासा मागितला. प्रत कॉन्रॅडच्या वकिलाकडेच होती. बाईंनी तो वाचला. प्रशिक्षकाचे लक्ष नसल्याने वेळेवर ब्रेक लावला गेला नाही. वाहनात कोणताही दोष नव्हता. सदर प्रशिक्षकास सहा महिने प्रशिक्षणातून दूर करण्यात आले आहे. खाली माझी सही आणि फर्मचा शिक्का. मी हे लिहिलं तेव्हा मला ते सरकारी मराठी वाटलं होतं. बाईंच्या तोंडून ते एका माणसाबद्दल ऐकू आलं.

बाईंनी कॉन्रॅडला विचारलं, तुमचं नेमकं म्हणणं काय? तो माझ्याकडे न बघता बोलला.

"लिहिलं ते खरं असेल. माझा पाय चुकला असेल. मी दाबला तेव्हा खाली काहीच लागलं नाही, म्हणजे पेडलवर पडलाच नसेल. तेव्हापासून मी शिकवत नाही, पोरं ठेवलीत त्यांच्याकडून शिकवून घेतो. ते माझं मी बघेन. पण याने ते पत्र मला दाखवायला हवं होतं. दाखवलं असतं तर मी सही केली असती. परवाना दोघांचा होता. मी खाली सही केली असती आणि घरी गेलो असतो."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. सुनंदाने बघितलं नाही, ती टेबलाच्या कडेकडे बघत होती.

मी पाणी प्यायलो. बाईंनी पुढची तारीख दिली.

२४ जानेवारी

म्हणजे अडीच वर्षं त्याला वाटतंय की त्याचा पाय चुकला.

मी समजत होतो त्याला केबलचं माहीत असेल, निदान संशय असेल, आणि म्हणून तो रागावला असेल. मी त्याच्या आरोपाची वाट बघत होतो. कौस्तुभकडून उत्तरं तयार करून घेत होतो. त्याने आरोप केलाच नाही, कारण त्याला माहीतच नव्हतं.

९ फेब्रुवारी, रविवार

सकाळी ऑफिसच्या लेटरहेडवर आरटीओला पत्र लिहिलं, हाताने. बाजूच्या ब्रेकची केबल खराब असल्याचं मेकॅनिकने १२ मे २०२२ रोजी कळवलं होतं. ते मला माहीत असूनही मी गाडी बाहेर काढू दिली. खुलाशातला मजकूर चुकीचा होता, प्रशिक्षकाचा दोष नव्हता. सुनंदाला वाचायला दिलं. तिने एक वेलांटी दुरुस्त केली आणि विचारलं, मी पण सही करू का? मी नको म्हटलं. तिने तरी केली.

मिसा सुटायच्या वेळेला भुईगावला कॉन्रॅडच्या घरी गेलो. तो शत्रुघ्नकडे जाऊन घरी येईपर्यंत त्याच्या बायकोने, प्रिस्कावहिनींनी, मला बसवून ठेवलं. तो आला, मला बघून दारातच थांबला. मी पत्र दिलं. त्याने उभ्यानेच वाचलं, मग खाली बसून पुन्हा वाचलं. मग प्रिस्कावहिनींना त्यांच्या घरच्या बोलीत काहीतरी म्हणाला, मला फक्त "पाय" हा शब्द कळला. त्यांनी तोंडावर हात धरला.

त्याने मला विचारलं, "गुरुवारी कळलं होतं?"

मी हो म्हटलं.

"सोमवारी सकाळी गाडीची चावी तू माझ्या हातात दिलीस."

मी हो म्हटलं. शेजारच्या घरात कोणी खोबरं किसत होतं. मग त्याने विचारलं, त्या मुलीला कोण सांगणार? मी म्हटलं, मी सांगतो. तो म्हणाला, आजच सांग. मग, जा आता.

मी वसईला परत येऊन भाविकाच्या घरी गेलो. तिने ऐकून घेतलं. तिचे वडील ओरडले, ते बरोबरच होतं. ती म्हणाली, मला दर वेळी रस्ता ओलांडताना त्या काकांचा दाबत राहिलेला पाय आठवतो. आणि आत निघून गेली. मी वडिलांना नमस्कार केला आणि आलो.

१३ मार्च

ते पत्र आरटीओत गेल्यावर शाळेचा परवाना चौकशी होईपर्यंत स्थगित. कौस्तुभ दोन दिवस माझ्याशी नीट बोलला नाही. पत्र द्यायच्या आधी मला विचारायला हवं होतं, म्हणाला. मी म्हटलं, विचारलं असतं तर तू अडवलं असतंस. आज मात्र त्याने स्वतःच तडजोडीचा मसुदा करून आणला. राहिलेल्या माणसांचे पगार द्यायला दोन गाड्या विकतो आहे. एक माणूस कॉन्रॅडने कामाला घेतला.

२२ एप्रिल

दोन्ही दावे निकाली निघाले. फर्म आजपासून विसर्जित. आमच्या तिघांच्या सह्या झाल्या, फर्मतर्फे वेगळी सही यावेळी लागली नाही. सगळं मिळून अकरा मिनिटं. पंधरा महिने तारखा घेतल्या त्याची अकरा मिनिटं.

सुनंदा प्रिस्कावहिनींबरोबर बाजारात जायचं म्हणून पुढे निघाली. बाहेर झाडाखाली कॉन्रॅड स्कूटर काढत होता. मी थांबलो. त्याने हेल्मेट हातात धरून सांगितलं, सोमवारपासून तो स्वतः शिकवायला बसणार आहे. मी बरं झालं म्हटलं. तो थोडा वेळ हेल्मेटच्या पट्ट्याशी खेळत राहिला.

"मी तुला माफ केलेलं नाही, आत्माराम. प्रिस्का म्हणते करायला पाहिजे, फादर पण म्हणतात. मी प्रयत्न करून बघितला, जमत नाही. जमेल तेव्हा मी येऊन सांगेन. तू विचारायला येऊ नकोस."

मी म्हटलं, नाही येणार.

त्याने विचारलं, घरी कसा जाणार? मी म्हटलं, चालत. त्याने आग्रह केला नाही. गेला.

सांडोरला पोचायला पाऊण तास लागला, मध्ये दोनदा बसलो. सुनंदा अजून आली नव्हती. तिने झाकून ठेवलेलं जेवलो, ताट घासून ठेवलं आणि जरा टेकावं म्हणून आडवा झालो. दिवेलागणीला जाग आली. सुनंदा आली होती, भाजी निवडत होती. तिने मला उठवलं नव्हतं. कोर्टात किती तारखेला परत जायचं, असं नेहमीसारखं मनात आलं आणि मग आठवलं की जायचं नाही. परत डोळे मिटले.